गेमिंग आणि खोल बेस एकाच हेडफोनवर: बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो दोन वर्षं वापरून

गेमिंगला एक आणि गाण्यांना एक असे दोन वेगळे हेडफोन घ्यावे लागतात का, हे मला ओळखीतल्या इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. माझं उत्तर नाही असं आहे, एकात भागतं आणि मस्त भागतं, फक्त तो एक निवडताना बॉक्सवर बेस हा शब्द किती मोठा छापलाय ते बघायचं नाही, तो बेस किती खाली उतरतो ते बघायचं. मी दोन वर्षं झाली बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो वापरतोय, ८० ओहमवाला (ओहमचं पुढे सांगतो), रोज तीन-चार तास तरी डोक्यावर असतो, निम्मा वेळ शूटर गेम आणि निम्मा वेळ ड्रम अँड बेस, डबस्टेप, ट्रॅप असलं सगळं बेसवालं इलेक्ट्रॉनिक संगीत. लिहितोय मुख्य त्याच्याबद्दल पण मध्ये मध्ये बाकीचे पण येतील, कारण मित्रांचे मागून आणून बरेच ऐकलेत.

याच्या आधी माझ्याकडे एक गेमिंग हेडसेट होता, कंपनीचं नाव घेत नाही. त्यावर लाइट, ७.१ सराउंड म्हणजे चहूबाजूंनी आवाज असं लिहिलेलं, आणि गाणं लावलं की पहिल्या पाच मिनिटांत वाटायचं वा, काय बेस आहे. पण महिनाभरात एक गोष्ट खटकायला लागली. मी गोळ्या झाडत असलो किंवा जवळ कुठे ग्रेनेड फुटला की त्याच वेळी मागून येणारा माणूस मला कधीच ऐकू यायचा नाही. माझा मित्र आधी मरून माझाच गेम बघत बसलेला असायचा, म्हणजे जे मला ऐकू यायला हवं तेच त्याच्या कानात वाजत होतं, आणि तो ओरडायचा, अरे मागे आहे, मागे आहे, जिना चढतोय. मला काहीच नाही, नुसता धबधब. मग एकदा तो घरी आला तेव्हा त्याचा हेडफोन माझ्या पीसीला लावला, तोच मॅप, सेटिंग त्याच, आणि समोरचा माणूस लाकडी फळीवरून लोखंडी जिन्यावर आला तो बदल सुद्धा मला कळला. तेव्हा पटलं की माझ्या कानात काही बिघाड नाही, त्या हेडसेटचा बेसच सगळ्यावर पांघरूण घालत होता.

आता बेस म्हणजे नेमकं काय ते जरा बोलू कारण सगळा घोळ इथेच होतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ऐकू येतं आणि त्यातलं २५० च्या खालचं सगळं आपण सरसकट बेस म्हणतो. पण ४० हर्ट्झचा बेस आणि १८० हर्ट्झचा बेस यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. रोलंडचं टीआर-८०८ हे १९८० सालचं ड्रम मशीन, त्याचा तो लांबत जाणारा किक, ज्याला आता सगळे नुसतं एट-ओ-एट म्हणतात, तो पण तिथेच ५० च्या आजूबाजूला असतो. हा बेस ऐकू येण्याआधी जाणवतो, कानशिलापाशी हवा दाबल्यासारखी वाटते आणि मग सोडल्यासारखी. आणि १२० ते २५० चा जो पट्टा आहे तो म्हणजे घुमणारा बेस, डब्यात बसून ढोल ऐकल्यासारखा. हा वाढवणं सोपं असतं, कारण जितकं खाली जाल तितका ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरचा, पडदा जास्त पुढे-मागे हलावा लागतो आणि साध्या ड्रायव्हरला ते झेपत नाही, मग खालचं जमत नाही म्हणून वरचं फुगवून देतात. दुकानात किंवा मित्राकडे दोन मिनिटं कानाला लावून बघितलं तर हाच बेस जास्त वाटतो आणि माणूस फसतो.

गेममध्ये याचा त्रास का होतो, तर आपल्या कानाचा एक स्वभाव आहे, खालच्या पट्टीतला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. याला मास्किंग म्हणतात. वरचा आवाज खालच्याला इतका झाकत नाही, खालचाच वरच्याला जास्त झाकतो, आणि जो त्याच्या जितका जवळ तो तितका जास्त झाकला जातो. म्हणून ४५ हर्ट्झचा दणका कितीही मोठा असला तरी तो माणसांच्या आवाजापासून, बुटाच्या टकटकीपासून बराच लांब राहतो, पण २०० चा फुगवटा थेट त्यांच्याच अंगणात येऊन बसतो. तर माझं म्हणणं एवढंच, बेस भरपूर घ्या, हवा तेवढा घ्या, पण १०० च्या खालचा घ्या.

डीटी ७७० मध्ये मला हे सापडलं. पहिल्या दिवशी आल्या आल्या मी गाणं लावलं नाही, २० ते २०० हर्ट्झचा स्वीप लावला, म्हणजे एकच सूर अगदी खालून हळूहळू वर चढत जातो. जुन्या हेडसेटवर हाच स्वीप मी ऐकला होता, तिथे ५० पर्यंत जवळजवळ शांतता आणि मग एकदम १२० च्या पुढे घूं करून उसळी. इथे २५ च्या पुढेमागेच काहीतरी हलतंय असं वाटायला लागलं, ३० ला ते स्पष्ट झालं, ४० ते ८० मध्ये भरदार, आणि मग २०० च्या आसपास माझ्या कानांना जरा खोलगट वाटलं, म्हणजे आवाज थोडा मागे सरकला. हाच तो खड्डा ज्याच्यामुळे याचा बेस इतका असूनही गाणाऱ्याचा आवाज चिखलात रुतत नाही. ड्रम अँड बेसमध्ये खाली सब, म्हणजे तो सगळ्यात खोल बेस, चालू असताना वर स्नेअर ड्रम फटकन वाजतो तो वेगळा वाजतो, दोन्ही एकमेकांना चिकटत नाहीत. डबस्टेपचा जो थरथरणारा बेस असतो त्यातली प्रत्येक थरथर मोजता येते. हे मी कितीही लिहिलं तरी ज्याने आधी फुगवलेलाच बेस ऐकलाय त्याला पहिल्या दिवशी थोडं कमी वाटू शकतं, आठवडा द्या.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, चष्मा. हा हेडफोन क्लोज्ड बॅक आहे, म्हणजे कप मागून बंद, आणि क्लोज्ड हेडफोनचा बेस पॅड कानाभोवती किती घट्ट बसतो त्यावर असतो, जरा फट पडली की खालची हवा निसटते आणि सब-बेस गायब. माझ्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या. स्वीप चालू ठेवून मी चष्मा काढला आणि लगेच ४० चा आवाज फुगला, परत घातला तर बसला, दोन-तीनदा करून बघितलं आणि दर वेळी तेच. शेवटी बारीक तारेच्या काडीची फ्रेम घेतली, तिने बराच फरक पडला. ज्यांना चष्मा आहे त्यांनी हेडफोनला नावं ठेवण्याआधी हे करून बघा. लांब केस कपाखाली आले तरी हेच होतं.

आता दिशा. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला मग, आणि हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाएवढा असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय डोक्याची सावली पडते म्हणून दुसऱ्या कानात वरच्या पट्टीतला आवाज हळू येतो. डावं-उजवं यावरून कळतं. पुढे की मागे आणि वर की खाली हे कळायला कानाच्या पाळीचे जे कंगोरे असतात त्यांनी वरच्या पट्टीतल्या आवाजात केलेले बदल लागतात. आणि ८० च्या खालच्या आवाजाची दिशा आपल्याला जवळजवळ कळतच नाही, म्हणून तर सबवूफर खोलीत कुठेही ठेवला तरी फारसं बिघडत नाही. याचा अर्थ असा की गेम खेळताना सब-बेस कमी केला तरी दिशेचं काही नुकसान नाही, आणि ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, दबलेला असेल तर मात्र मागचा माणूस पुढे वाटणार. बरेच बेस स्पेशल हेडफोन इथेच मार खातात, बेस मोठा वाटावा म्हणून ट्रेबल बसकं ठेवलेलं असतं.

डीटी ७७० चं ट्रेबल अजिबात बसकं नाही, उलट जास्तच आहे, ते पुढे येईलच. डावं-उजवं एकदम सुईच्या टोकासारखं कळतं. पुढे-मागे ठीक. उघड्या पाठीच्या म्हणजे ओपन बॅक हेडफोनसारखा मोकळा पसारा यात नाही हे मान्य करतो. मी फिलिप्सचा फिडेलिओ एक्स२एचआर आठवडाभर वापरला आणि सेनहायझरचा एचडी ५६०एस पण, दोन्ही ओपन, आणि दोन्हीवर लांबची गोळी खरंच लांबून आल्यासारखी वाटते. एचडी ५६०एस वर तर कोण कुठल्या भिंतीमागे आहे हे मला सगळ्यात सहज कळलं. पण तिथे ४० चा बेस हवा तसा येत नाही, ओपन हेडफोनमध्ये पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना मारते म्हणून खाली उतरता उतरता बेस विरत जातो. एक्स२एचआर ओपन असून बेसला चांगला आहे, गरम आवाज, खेळायला मजा येते, पण वजन ३८० ग्रॅम आणि सगळा आवाज बाहेर, शेजारी कुणी झोपलं असेल तर विसरा. आणि बाहेरचं सगळं आत पण येतं. माझ्या पीसीचा फॅन गेम चालू झाला की चांगलाच आवाज करतो, ओपनवर तो सतत ऐकू यायचा आणि मी आवाज वाढवत बसायचो. खोली शांत असेल आणि बेस नंतर, आधी गेम, असं असेल तर ओपन घ्या, मी आडवा येणार नाही. पण शीर्षकात खोल बेस आहे म्हणून माझं मत क्लोज्डला.

सराउंडबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो. बहुतेक हेडफोनमध्ये स्पीकर दोनच, ७.१ हे सगळं सॉफ्टवेअरचं गणित, त्यामुळे ७.१ लिहिलेला हेडफोन आणि साधा स्टीरिओ हेडफोन यात त्या बाबतीत काही फरक नाही. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट यांसारख्या गेममध्ये एचआरटीएफ नावाचं तंत्र असतं, डोक्याच्या आणि कानाच्या आकाराने आवाज कसा बदलतो त्याचा हिशेब गेम स्वतःच करतो. ते चालू असेल तर विंडोजमधलं विंडोज सॉनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस वगैरे बंद ठेवा आणि हेडसेटच्या अ‍ॅपमधलं सराउंड पण बंद. दोन्ही एकदम चालू ठेवलं तर त्याच आवाजावर दोनदा गणित होतं आणि सगळं विहिरीतून आल्यासारखं वाटतं, पुढचं-मागचं तर पार जातं. मी स्वतः सहा महिने असंच खेळलो, कुणी सांगितलंच नव्हतं. जे गेम फक्त ५.१ किंवा ७.१ देतात आणि स्वतः हेडफोनचं काही करत नाहीत तिथे विंडोज सॉनिक वापरून बघायला हरकत नाही.

आणखी एक, विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन म्हणून टिकमार्क असतो, बारीक आवाज मोठे करतो आणि मोठे आवाज दाबतो. स्टेप्स, म्हणजे समोरच्याच्या पावलांचे आवाज, ऐकायला कित्येक जण तो लावतात आणि स्टेप्स ऐकू येतात हे खरं आहे. पण माणूस किती लांब आहे हे आपण बरंचसं आवाज लहान की मोठा त्यावरून ओळखतो, ते सगळं सपाट होतं, दोन खोल्या पलीकडचा शेजारी उभा असल्यासारखा वाटतो. मी बंद ठेवतो. आणि चुकून तसाच राहिला आणि वर गाणं लावलं तर बेसचा जो ठोका असतो तो ठोकाच राहत नाही, पीठ होतं त्याचं.

आता दोष, मोठा दोष. ट्रेबल टोचतं. ८ ते ९ हजार हर्ट्झच्या पुढेमागे एक कळस आहे, स आणि श अक्षरं शिट्टीसारखी येतात, हाय-हॅट वाजला की कानात बारीक सुई टोचल्यासारखं, आणि गेममध्ये काच फुटली की मी दचकायचो. याच घरातला ओपन भाऊ डीटी ९९० प्रो तर याहून टोचतो, तो माझ्या मामेभावाकडे आहे आणि त्याला तो आवडतो, प्रत्येकाचे कान वेगळे. मला पहिल्या दोन आठवड्यांत दीड तासाच्या वर घालवत नव्हतं. नुसतं कानाला सवय होईल म्हणून बसलो असतो तर बहुतेक विकून टाकला असता. उपाय आहे, फुकट आहे आणि पंधरा मिनिटांचा आहे, तो म्हणजे ईक्यू, इक्वलायझर, ज्याने आवाजाची एकेक पट्टी वर-खाली करता येते.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ टाकायचं आणि त्याच्यावर पीस नावाचं तोंड बसवायचं म्हणजे हाताळायला सोपं जातं, दोन्ही फुकट. टाकताना आपला हेडफोन ज्या डिव्हाइसवर लागतो त्यावर टिक करायचं, पीसी रीस्टार्ट करायचा. मग मी दोन प्रोफाइल केल्यात. गाण्यांच्या प्रोफाइलमध्ये ८० हर्ट्झला लो शेल्फ, अधिक ४ डेसिबल, म्हणजे ८० च्या खालचं सगळं वर उचललं जातं आणि त्याच्या वर फार हात लागत नाही. साडेआठ हजारच्या जवळ एक पीक फिल्टर, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा आवाज बदलणारा, उणे ५. नेमका आकडा तुमच्या कानाने ठरवा, एक सूर ७ हजारपासून १० हजारपर्यंत हळूहळू सरकवा आणि जिथे सगळ्यात जास्त टोचेल तिथे फिल्टर ठेवा, कारण हा कळस प्रत्येकाच्या कानात थोडा इकडेतिकडे असतो. आणि प्रीअ‍ॅम्प उणे ४ किंवा ५ करायचाच. हे लोक विसरतात. बेस ४ ने वाढवला आणि एकूण आवाज तेवढा खाली आणला नाही तर मोठ्या ठोक्याला सिग्नलचं डोकं छतावर आपटतं, कापलं जातं आणि फाटका आवाज येतो, आणि मग म्हणतात हेडफोनलाच बेस झेपत नाही. गेमच्या प्रोफाइलमध्ये ट्रेबलचा फिल्टर तसाच, बेस मात्र उणे ४ आणि २ ते ४ हजारमध्ये अधिक २. दोन्हीला एकेक हॉटकी दिलीय. राउंड संपला, लॉबीत आलो, एक बटण दाबलं की दणका परत. एकात भागतं असं मी वर म्हटलं ते या एका बटणामुळे.

कुणी म्हणेल मग कुठलाही हेडफोन घेऊ आणि ईक्यूने बेस वाढवू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ज्या ड्रायव्हरला ४० हर्ट्झ काढताच येत नाही त्याला १० डेसिबल वाढवून दिलं तर तो खरखरतो, बेस देत नाही. उलटं मात्र चालतं, आहे तो बेस कमी करणं कुठल्याही हेडफोनवर साफ जमतं. म्हणून मुळात खोल बेस असलेला घ्यायचा आणि गेमसाठी कापायचा. आणि एक लक्षात ठेवा, गाण्याचा प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, म्हणजे विंडोजला वगळून थेट डिव्हाइसवर वाजवत, असेल तर हा ईक्यू लागतच नाही, मी तासभर डोकं खाजवत बसलो होतो.

ओहमचं काय. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. मोठा आकडा म्हणजे चांगला हेडफोन असं नसतं, मोठ्या आकड्याला तेवढाच आवाज यायला जास्त व्होल्टेज लागतं एवढंच. २५० वाला मदरबोर्डच्या जॅकवर लावला तर बऱ्याच पीसीवर आवाज पुरत नाही, विशेषतः ईक्यूसाठी प्रीअ‍ॅम्प खाली आणल्यावर. ३२ वाला फोनवर पण चालतो. ८० मधला, माझ्या मदरबोर्डवर साठ-सत्तर टक्क्यांवर पुरतो. पण केसच्या पुढच्या जॅकला लावला तेव्हा माउस हलवला की किर्र किर्र आणि गेम लोड होताना बारीक शिट्टी यायची, ग्राफिक्स कार्डचा वगैरे सगळा विजेचा कचरा त्या वायरमधून येतो. मागच्या जॅकला कमी झालं, आणि यूएसबीचा छोटा डॅक डोंगल, म्हणजे पीसीच्या बाहेरचं छोटं साउंड कार्ड, लावला तेव्हा पूर्ण गेलं. बेस त्याने वाढला वगैरे मी म्हणणार नाही, शांतता वाढली, आणि शांततेत स्टेप्स ऐकू येतात.

माइक यात नाही. टीममध्ये बोलायचं तर वेगळा माइक लागणार, मी टेबलवर एक यूएसबी माइक ठेवलाय, कपाला चिकटणारा पण मिळतो. क्लोज्ड असल्यामुळे स्वतःचा आवाज दबका ऐकू येतो आणि माणूस नकळत ओरडायला लागतो, माइकचं मॉनिटरिंग, म्हणजे आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकू येणं, थोडं चालू ठेवलं की ते थांबतं. ज्यांना माइक जोडलेलाच हवा त्यांना हायपरएक्स क्लाउड टू सुचवतो, ५३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, माइक काढता येतो, बसायला छान, बेस आहे पण डीटी ७७० इतका खाली नाही.

ब्लूटूथ का नाही असं विचारू नका, म्हणजे विचारा, उत्तर पटकन देतो. गाण्यांना चालेल. गेमला साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, गोळी दिसते आणि मग ऐकू येते. आणि पीसीवर त्याचाच माइक चालू केला की साधं ब्लूटूथ कॉलच्या मोडवर जातं, आवाज मोनो होतो, बेस पण गेला आणि दिशा पण गेली. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला घ्या, तिथे हा उशीर जाणवत नाही.

बसायला हा हेडफोन फार सुखाचा आहे. केबल सोडून २७० ग्रॅम, व्हेलूरचे म्हणजे मखमली पॅड, कान पूर्ण आत बसतो, चामड्यासारख्या पॅडवर जो घाम येतो तो इथे खूप कमी. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स पण मी बरेच दिवस वापरलाय, बेस चांगला, घडी होते, केबल निघते, पण कप लहान आहेत, माझा कान आतल्या बाजूला टेकायचा आणि दोन तासांत गरम. ज्याला बॅगेत टाकून फिरायचंय त्याने एम५०एक्स घ्यावा, टेबलवर बसणाऱ्याने डीटी ७७०.

केबल हे याचं दुसरं दुखणं. तीन मीटर लांब, सरळ, आणि कपातून निघतच नाही. माझ्या खुर्चीचं चाक दोनदा वरून गेलंय. अजून चालू आहे, पण एक दिवस तुटली तर सोल्डरिंग करावं लागणार. मी आता उरलेली केबल गुंडाळून टेबलाच्या खाली वेल्क्रोने बांधलीय. नव्या डीटी ७७० प्रो एक्स मध्ये केबल निघते, ४८ ओहम, नव्याने घेणाऱ्याने तो एकदा कानाला लावून बघावाच.

पॅडचं पण सांगतो कारण हे फार कमी लोक बोलतात. दीड वर्षाने मला वाटायला लागलं की बेस बदललाय आणि ट्रेबल आणखी टोचतंय, आधी ईक्यूवर शंका घेतली, मग डॅकवर. पॅड काढून बघितले तर अर्धे चपटे झाले होते, ड्रायव्हर कानाच्या जवळ आला होता. नवीन पॅड घातले, पॅडची कड ताणून कपाच्या खाचेत बसवायला वीस मिनिटं गेली, आणि पहिल्या गाण्यात पहिल्या दिवसाचा आवाज परत. पॅड घेताना मूळ कंपनीचेच व्हेलूरचे घ्या, चामड्यासारखे लावले तर बेसची सगळी घडी बदलते आणि मग तो वेगळाच हेडफोन होतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र मनापासून सांगतो. बेस आवडणाऱ्यांचा हात व्हॉल्यूमकडे सारखा जातो, कारण हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमीच ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी मर्यादा सांगितलीय, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे ८६ वर दहाच तास. रोज चार तास खेळणाऱ्याचे ते अडीच दिवसांत संपले. त्यापेक्षा व्हॉल्यूम खाली ठेवा आणि लो शेल्फ ४ चा ५ करा, तोच दणका मिळतो. खेळ संपल्यावर कानात सूं आवाज राहत असेल तर तुमचा आवाज जास्तच आहे, त्याच दिवशी दोन घर खाली आणा.

आणि घेण्याआधी कुणाचा मागून ऐकायला मिळाला तर गाण्यापासून सुरुवात करू नका. आधी तो स्वीप लावा, ४० ला काय होतं आणि १८० ला काय होतं ते ऐका. मग असं एक गाणं लावा ज्यात खाली सब चालू असताना कुणीतरी हळू आवाजात बोलतंय किंवा गातंय, आणि शब्द कळतात का बघा. मग तुमचा गेम उघडून, एका मित्राला ट्रेनिंग मॅपवर तुमच्याभोवती गोल फिरायला सांगा, डोळे मिटा, आणि तो जिथे वाटतो तिकडे बोट दाखवा. तो थांबल्यावर डोळे उघडून बघा, बोट कुठे आहे आणि तो कुठे आहे.